पारी आणि सारण

मोदक उत्तम झाला आहे, असें पंक्तींत कोणी म्हटलें कीं त्याचें श्रेय बहुधा सारणाला मिळतें. नारळ ताजा होता, गूळ चांगला निघाला, वेलदोडा बेताचा पडला, असें कौतुकानें सांगितलें जातें. परंतु तेंच सारण वाटींत घेऊन चमच्यानें खाऊन पाहावें. दोन-तीन चमच्यांतच त्याचा गोडवा नकोसा होतो. उलट, नुसती उकड तोंडांत घातली तर तिला स्वतःची अशी चव जवळजवळ नाहींच. एक वस्तु अतिगोड, दुसरी बेचव. आणि दोहोंची गांठ पडतांच असा एक तिसराच पदार्थ निर्माण होतो कीं, पोट भरलें असतांही पानावर आणखी एक हवासा वाटतो. हें कसें घडतें, याचा विचार आपल्या स्वयंपाकघरांत क्वचित्च होतो.

हा प्रकार केवळ कोंकणापुरता नाहीं. पूर्वेस जपानपासून पश्चिमेस तुर्कस्तानापर्यंत, पातळ आवरणांत सारण भरून किंवा पानांत गुंडाळून, वाफेवर अथवा पाण्यांत शिजविलेले पदार्थ सणासुदीला घरोघरीं होतात. त्यांपैकीं पुष्कळ सामिष आहेत व ते आपल्या पंक्तीला चालावयाचे नाहींत. परंतु त्यांच्या मागचें पाकशास्त्र आपल्याला वर्ज्य असण्याचें कांहींच कारण नाहीं. किंबहुना तें समजून घेतलें, तर आपला मोदक आपल्याला अधिक चांगला समजेल. हे सारे पदार्थ शेजारीं शेजारीं मांडून पाहिले असतां एक गोष्ट मनावर ठसते. ती ही कीं, आवरण म्हणजे सारण ठेवण्याचें भांडें, ही आपली समजूत अपुरी आहे. पदार्थाचा प्राण आवरणांत असतो आणि तो फार अल्पायुषी असतो.

जिभेच्या आधीं दांत

आवरणाचा पदार्थ खातांना चवीच्या आधीं स्पर्श येतो. प्रथम ओंठांना त्याचा गुळगुळीतपणा कळतो. मग दांत टेंकतो आणि क्षणभर अडतो. त्या अडण्यांतच निम्मी गंमत आहे. नंतर आवरण नमतें, आंतील ऊन रस सुटतो आणि शेवटीं बेचव व चवदार यांचें मिश्रण जिभेवर होतें. आवरण फार जाड असेल तर सारण येईपर्यंत तोंड पिठानें भरून जातें. फार पातळ असेल तर दांताला कांहीं अडतच नाहीं, आणि सारण वाटींतून खाल्ल्यासारखें वाटतें.

या स्पर्शाला आपल्या भाषेंत शब्दांची वाण नाहीं. लुसलुशीत, खुसखुशीत, रसरशीत, चिवट, भगराळ, गिळगिळीत असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतों. जपानी लोकही असेच नादमय जोडशब्द वापरतात. मऊ असून दांताला किंचित् ताण देणाऱ्या पदार्थाला ते 'मोचीमोची' म्हणतात. तैवानांत त्याच गुणाला रोमन लिपींतील 'क्यू' हें एकच अक्षर लावण्याची चाल पडली आहे. ज्या गुणासाठीं लोक स्वतंत्र शब्द घडवितात, तो गुण त्यांना चवीइतकाच महत्त्वाचा वाटतो, हें उघड आहे.

गव्हाचें आवरण

धान्याच्या दृष्टीनें चीन देशाचे दोन भाग पडतात. चिनलिंग पर्वत व ह्वाय नदी यांच्या उत्तरेस मुख्यतः गहूं पिकतो आणि दक्षिणेस भात. उत्तरेकडील गव्हाच्या आवरणाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे 'ज्याओझ'. आकार आपल्या करंजीसारखा. मात्र तो तळीत नाहींत, उकळत्या पाण्यांत शिजवितात. चांद्र वर्षाच्या अखेरच्या रात्रीं सारें कुटुंब एका मेजाभोंवतीं बसतें. कोणी कणीक मळतो, कोणी लाटतो, कोणी भरतो. एखाद्या ज्याओझांत नाणें लपविलेलें असतें. तें ज्याच्या वांट्यास येईल त्याला नवें वर्ष भाग्याचें जाणार, असें मानतात. त्याचा आकारही जुन्या काळच्या सोन्यारुप्याच्या लगडीसारखा धरलेला आहे. हा पदार्थ किती जुना असावा, याची साक्ष सिंक्यांग प्रांतांत तुर्फानजवळ आस्ताना येथें मिळाली. तेथील थडग्यांत थांग राजवटीच्या काळांतील (इ. स. ६१८ ते ९०७) ज्याओझ वाळून दगडासारखे झालेले, परंतु आकार न मोडलेले असे सांपडले. वाळवंटाच्या कोरड्या हवेनें ते राखले.

पोळी लाटणाऱ्या हाताला गव्हाचा चिवटपणा नवा नाहीं. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळूं लागतांच त्यांतील प्रथिनें एकमेकांस धरून एक लवचिक जाळें विणतात. त्यालाच 'ग्लूटेन' म्हणतात. कणीक झांकून ठेवली कीं तें जाळें सैलावतें, आणि म्हणूनच मुरलेली कणीक लाटतांना मागें सरत नाहीं. चिनी गृहिणी या जाळ्यावर मोठ्या युक्तीनें हुकमत चालविते. ज्याओझ पाण्यांत उकळावयाचे असतील तर ती कणीक थंड पाण्यांत भिजविते. जाळें बळकट राहतें, खळखळत्या पाण्यांत आवरण फाटत नाहीं आणि दांताला गोड ताण देतें. वाफेवर करावयाचे असतील तर मात्र कढत पाणी घालते. कढत पाण्यानें पिठांतील पिष्ट फुगतें, प्रथिनांचें जाळें दुबळें होतें आणि आवरण मऊ होऊन वाफेंतही कोरडें पडत नाहीं. पीठ एकच, पाणी बदललें कीं पदार्थाचा स्वभाव बदलतो.

लाटी लाटण्याची रीतिही पाहण्यासारखी आहे. लाटणें बोटभर जाडीचें व आंखूड असतें. एका हातानें लाटी फिरवीत दुसऱ्या हातानें केवळ कडेकडेनें लाटावयाचें, म्हणजे मध्य जाड राहतो आणि कडा पातळ होते. कारण साधें आहे. मध्यावर सारणाचा भार येतो, आणि कडा मिटल्यावर तिचे दोन पदर एकत्र येऊन ती आपोआप दुप्पट जाड होते. मोदकाच्या कळ्या पाडतांना कडा पातळ हवी, असें आपल्याकडील जाणत्या बायका सांगतात, त्याचेंही कारण हेंच. कळ्या एकत्र मिटतांना वर पिठाचा गोळा सांचला, तर मोदकाच्या शेंड्याला नुसतें पीठ खावें लागतें.

सारणांतील पाणी हा आवरणाचा मोठा शत्रु. ज्याओझांत कोबी घालावयाचा असेल तर तो बारीक चिरून, मीठ लावून, थोडा वेळ ठेवून घट्ट पिळतात. मीठ कोबींतील पाणी ओढून घेतें. तें आधींच काढून टाकलें नाहीं तर आवरणाच्या आंत सुटतें आणि तें आंतून भिजून फुटतें. शिजवितांना पाण्याला उकळी आली कीं थोडें थंड पाणी ओतावयाचें, असें तीनदां करावयाचें, अशी जुनी रीत आहे. त्यामुळें उकळीचा जोर आंवरतो, आवरण आपटून फाटत नाहीं आणि सारण शिजावयास वेळ मिळतो. आपल्या वाचकांना ऐकून समाधान वाटेल कीं, त्यानजिन शहरांत वर्षारंभीं निरामिष ज्याओझ खाण्याची चाल आहे; येणारें वर्ष स्वच्छ व निर्विघ्न जावें, हा त्यांतील हेतु.

घट्ट भरावें, पातळ व्हावें

चिनी लोकांच्या या विद्येची पराकाष्ठा शांघायजवळील नानशियांग गांवच्या 'शियाओलोंगबाओ' नांवाच्या पदार्थांत दिसते. बांबूच्या लहान टोपलींत वाफविलेल्या या पुरचुंडींत सारणाबरोबर चक्क ऊन रस्सा असतो. रस्सा कणकेंत बांधावा कसा, हें ऐकणाऱ्याला कोडेंच वाटतें. त्याचें उत्तर असें कीं, प्राण्याच्या कातडीचा अर्क काढून तो थिजवितात. थंडपणीं तो घट्ट असतो म्हणून सारणांत कालवितां येतो, आणि वाफ लागली कीं वितळतो. तो पदार्थ आपल्या कामाचा नाहीं, पण त्यांतील तत्त्व आपल्या अगदीं जवळचें आहे. सारण भरतांना घट्ट असावें आणि खातांना सैल व्हावें, हेंच तें तत्त्व. नारळ आणि गूळ एकत्र शिजवितांना आपण नेमकें हेंच साधीत असतों. गूळ वितळून पुन्हां नारळाला धरूं लागला कीं कढई उतरवावी. कमी शिजलें तर सारणाला पाणी सुटून पारी फुटते. अधिक शिजलें तर तें थंड झाल्यावर कडक होतें, आणि मोदकांत रसाऐवजीं चिक्कीचा चुरा लागतो. बरोबर उतरलेलें सारण भरतांना मुठींत धरतें आणि वाफेंतून बाहेर येतांच पाझरूं लागतें.

तांदुळाचें आवरण

तांदुळाच्या पिठांत गव्हासारखें जाळें विणणारीं प्रथिनें नाहींत. थंड पाण्यांत भिजविलेलें तांदुळाचें पीठ कितीही मळलें तरी त्याला धरबंध येत नाहीं. मग त्याची पारी होते कशी? येथें पिष्टाचा उपयोग होतो. पिष्टाचे सूक्ष्म कण पाण्यांत सुमारें ७० अंश उष्णतेला पोंचले कीं पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ बनते. तीच खळ उरलेल्या पिठाला बांधते. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, त्यांत मीठ व तेल किंवा लोणी घालून उकळी आणावयाची, पीठ घालून ढवळावयाचें व झांकण ठेवून वाफ काढावयाची, या आपल्या उकडीच्या रीतींत हें शास्त्र पूर्णपणें आलें आहे. ऊन असतांनाच तेलापाण्याचा हात लावून ती मळली नाहीं तर गुठळ्या राहतात. आणि प्रत्येक गुठळी म्हणजे पारीला पुढें पडणारें भोंक.

ही युक्ति आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत तांदुळाच्या पिठाच्या, गोड सारणाच्या मोदकांचा उल्लेख आहे. गारांसारखे पांढरे दिसतात म्हणून त्यांना 'वर्षोपलगोलक' असें सुंदर नांव दिलें आहे. आपल्या मोदकाचें सख्खें भावंड म्हणावें असा एक पदार्थ नेपाळांतील काठमांडूच्या खोऱ्यांत नेवार लोक करतात. त्याचें नांव 'योमरी'. तांदुळाचें पीठ कढत पाण्यांत मळून, बोटानें गोळा पोखरीत त्याची लांबट, माशासारखी निमुळती पिशवी करतात. तींत उसाच्या रसाचा घट्ट पाक, ज्याला ते 'चाकू' म्हणतात, तो व तीळ भरून ती वाफवितात. नवा भात घरांत आल्यावर मार्गशीर्ष पौर्णिमेला हा सण होतो आणि मुलें गाणीं म्हणत दारोदार योमरी मागत हिंडतात. आपल्याकडे ज्या दिवशीं दत्तजयंती असते, त्याच दिवशीं हिमालयाच्या पायथ्याशीं ही उकड चढते.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वांगतुंग प्रांतांत 'हार गाव' नांवाचा पदार्थ आहे. त्याचें आवरण इतकें पारदर्शक असतें कीं आंतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. हें आवरण गव्हाचें असूनही चिवट नसतें, कारण त्यांत गव्हाचें नुसतें पिष्ट वापरतात. कुरडयांसाठीं आपण गहूं भिजवून, वाटून जो चीक काढतों, त्याचाच हा प्रकार. जाळें विणणारीं प्रथिनें निघून गेलीं, म्हणून उजेड अडत नाहीं. आणि तीं नाहींत, म्हणूनच पिठावर कढत पाणी ओतून उकडीप्रमाणें तें बांधावें लागतें. कुरडईचा चीक शिजतांना पांढऱ्याचा पारदर्शक होऊं लागतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या आवरणाचें रहस्य निराळें सांगावयास नको.

आतां या तांदुळाच्या आवरणाचा एक दोष सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व विचार त्यावर अवलंबून आहे. वाफेवरून उतरलेला मोदक लुसलुशीत असतो. तोच दोन-तीन तासांनीं घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशीं पारी तडकूं लागते. तो केवळ वाळतो असें नाहीं. फुगून मोकळे झालेले पिष्टाचे धागे थंड होतांच पुन्हां एकमेकांशीं जुळून घट्ट बसूं लागतात. पिष्टाचे दोन घटक आहेत, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. त्यांपैकीं अमायलोज फार लवकर जुळतें. चीन-जपानांतील चिकट तांदुळांत अमायलोज जवळजवळ नसतेंच. म्हणून त्याचे 'तांगयुआन' किंवा 'मोची' मोदकापेक्षां अधिक वेळ मऊ राहतात. आपल्याकडे मोदकाला आंबेमोहरासारखा मऊ शिजणारा तांदूळ निवडतात, त्यामागेंही हाच अनुभव आहे. शीतकपाटांत ठेवलेला मोदक बाहेरच्यापेक्षांही लवकर कडक होतो, कारण त्या थंडाव्यांत हे धागे सर्वांत जलद जुळतात. पुन्हां वाफ दिली कीं ते कांहीं काळ सुटतात; मात्र पहिला लुसलुशीतपणा पूर्णपणें परत येत नाहीं.

पानाचें आवरण

कांहीं आवरणें खाण्यासाठीं नसतात. तीं केवळ वास देऊन जातात. नागपंचमीला अथवा गौरीच्या सणाला कोंकण-गोव्यांत पातोळ्या होतात. हळदीच्या ओल्या पानावर तांदुळाचें पीठ सारवून, सारण पसरून, पान दुमडून तीं वाफेवर ठेवतात. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टला मेरीच्या सणासाठीं त्या केल्या जातात. पान सोडून टाकल्यावर पातोळीवर त्याच्या शिरा उमटलेल्या दिसतात आणि पानांतील सुगंधी तेल पिठांत उतरलेलें असतें. गूळखोबऱ्याच्या गोडव्याला ती किंचित् कडवट हिरवी झांक मिळाली नाहीं तर पातोळी आणि मोदक यांत आकारापलीकडे फारसा भेद राहणार नाहीं.

व्हिएतनाम देशांत नववर्षाच्या 'तेत' सणाला 'बान चुंग' करतात. चिकट तांदूळ, मध्यें मुगाची डाळ व मांस, आणि भोंवतीं 'झोंग' नांवाचीं रुंद पानें, असा हा चौकोनी गठ्ठा दहा-बारा तास पाण्यांत उकळतो. मांसाशिवाय केवळ मुगाचे बान चुंगही तेथें होतात. त्यांच्या पुराणकथेंत लांग ल्येउ नांवाच्या गरीब राजपुत्रानें दूरच्या दुर्मिळ पदार्थांऐवजीं साध्या तांदुळाचे दोन पदार्थ राजापुढें ठेवले. चौकोनी तो पृथ्वी आणि गोल तो आकाश. राजानें त्यालाच गादी दिली. पानें सोडल्यावर तांदुळाचा वरचा थर पानाचा हिरवा रंग घेऊन येतो. रात्रभर चुलीवर भांडें असतें आणि त्याच्याभोंवतीं घरांतील लहानथोर गप्पा मारीत जागतात. कारण पाणी आटूं देतां येत नाहीं.

जपानी लोकांनीं पानाचा विचार फार सूक्ष्म केला आहे. ५ मे या दिवशीं तेथें मुलांच्या सणाला 'काशिवामोची' करतात. त्याचें ओकच्या जातीचें पान खावयाचें नसतें. नवी पालवी फुटेपर्यंत त्या झाडाचें जुनें पान गळत नाहीं, म्हणून तें वंशाच्या अखंडतेचें चिन्ह मानतात. 'साकुरामोची'चें चेरीचें पान मात्र मोचीबरोबर खातात. त्याची कथा अशी कीं, १७१७ सालीं एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरीं, सुमिदा नदीकांठच्या चोमेइजी मंदिराच्या द्वारपालानें गळणाऱ्या पानांचा कांहीं उपयोग व्हावा म्हणून तीं मिठांत मुरविलीं. ताज्या पानाला फारसा वास नसतो. मिठांत मुरल्यावरच त्यांतील 'कूमारिन' हें सुगंधी द्रव्य मोकळें होतें. गोड सारण, मऊ आवरण आणि खारट सुवासिक पान, असा तिहेरी मेळ एका घांसांत बसतो.

आशियाच्या पश्चिम टोंकाला तुर्कस्तानांत हीच कल्पना द्राक्षाच्या पानांत दिसते. तुर्की भाषेंत भरलेल्या पदार्थाला 'दोल्मा' आणि गुंडाळलेल्याला 'सार्मा' म्हणतात; दोन क्रिया, दोन नांवें. आपल्या भरल्या वांग्याची गणना पहिल्या वर्गांत होईल. द्राक्षपानांत तांदूळ, बेदाणे व चिलगोज्यासारखीं बीं भरून, ऑलिव्हच्या तेलांत शिजवून गार खावयाचा जो निरामिष प्रकार आहे, त्याला ते 'यालांजी', म्हणजे 'खोटा', असें थट्टेनें म्हणतात, कारण त्यांत मांस नसतें. आंबट पान, गोड बेदाणा आणि मोकळा तांदूळ यांचा हा खोटा पदार्थ आपल्या पंक्तीला खरा शोभेल. अझरबैजानच्या दोल्मा करण्याच्या व वांटून खाण्याच्या परंपरेला २०१७ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. त्या नोंदींत करण्याबरोबर वांटण्याचाही उल्लेख आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

प्रमाण

आवरण किती व सारण किती, याला एकच उत्तर नाहीं. तैपै शहरांतील 'दिन ताइ फंग' या सुप्रसिद्ध उपाहारगृहांत शियाओलोंगबाओसाठीं ५ ग्रॅम आवरण, १६ ग्रॅम सारण आणि १८ चुण्या असें माप ठरलेलें आहे. म्हणजे आवरणाच्या तिपटीहून थोडें अधिक सारण. उलट तुर्कस्तानांतील कायसेरी गांवचा 'मान्ति' इतका इवलासा असतो कीं, एका चमच्यांत चाळीस मावले पाहिजेत, अशी तेथील सुनांची कसोटी सांगतात. इतक्या लहान पुरचुंडींत सारण नांवालाच राहणार. म्हणून चव बाहेरून आणावी लागते, आणि मान्तीवर लसूण घातलेलें दहीं व मिरचीचें लोणी ओततात. सारण मोठें असेल तर आवरणानें नम्र व्हावें. आवरण मोठें असेल तर त्याला बाहेरचा सोबती द्यावा. आपण मोदक फोडून त्यावर तूप घालतों, तें याच न्यायानें.

वाफेचेंही एक प्रमाण असतें. झांकणाला वाफेचे थेंब जमून ते आवरणावर गळले कीं तें चिकट व गिळगिळीत होतें. चिनी लोक बांबूची टोपली वापरतात, कारण बांबू ओल शोषून घेतो व जास्तीची वाफ बाहेर सोडतो. धातूच्या मोदकपात्राच्या झांकणाला स्वच्छ फडकें बांधलें तर तेंच काम होतें.

करणारीचा वांटा

हे पदार्थ शिकवावयाला पुस्तकें आहेत, आतां यंत्रेंही आहेत. चीनमध्यें चंगचौ शहरांतील चेन झेमिन नांवाच्या एका शस्त्रवैद्यानें १९९० सालीं तांगयुआन गोठवून विकावयाचा उद्योग काढला आणि पुढें त्यांतून प्रचंड व्यापार उभा राहिला. सावकाश गोठविलें तर आंत बर्फाचे मोठे स्फटिक होऊन आवरण तडकतें. झपाट्यानें गोठविलें तर स्फटिक बारीक राहतात, हें त्यांतील मर्म. आपल्याकडेही तयार मोदक विकत मिळतात आणि घरांत साचे आले आहेत. ज्या घरीं करणारें माणूस एकच आहे, तेथें कोणी साचा वापरला तर त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. एवढेंच ध्यानांत असावें कीं, साच्यांतून न फाटतां निघावी म्हणून पारी जाड ठेवावी लागते, आणि हातानें केलेल्या पातळ पारीची गोडी तिला येत नाहीं. पारी किती पातळ झाली कीं थांबावें, हें बोटांना कळतें. तें कागदावर उतरत नाहीं. तें शेजारीं बसूनच शिकावें लागतें.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आवरणाचा उत्तम क्षण वाफेवरून उतरल्यानंतरच्या थोड्या मिनिटांचा, हें आपण पाहिलें. आतां आपल्या घरांतील चतुर्थीची पंक्त डोळ्यांपुढें आणावी. नैवेद्य झाला, पुरुष व मुलें बसलीं, पात्रामागून पात्र उतरत आहे आणि प्रत्येक पानावर ऊन मोदक पडत आहे. हें ज्यांच्या हातांनीं घडलें, त्या सर्वांच्या शेवटीं बसतात. तोंपर्यंत पिष्टाचे धागे जुळलेले असतात, तूप थिजलेलें असतें आणि पारी दांताला घट्ट लागते. ज्या स्त्रीच्या मोदकांची ख्याति साऱ्या नात्यांत आहे, तिनें स्वतः आपला मोदक त्याच्या खऱ्या स्थितींत कदाचित् वर्षानुवर्षें खाल्लेला नसेल. तिनें त्याविषयीं कधीं तक्रार केली नाहीं, म्हणून ती उणीव नाहीं असें होत नाहीं.

चिनी घरांतील मेज आणि व्हिएतनामी घरांतील चूल यांकडून उचलण्यासारखें कांहीं असेल तर तें येथें आहे. तेथें लाटणारे, भरणारे आणि खाणारे असे तीन वर्ग पडत नाहींत. एकत्र कुटुंबाचें खरें सामर्थ्य हातांच्या संख्येंत आहे, आणि आवरणाचा पदार्थ त्याच सामर्थ्याची मागणी करतो. सारण आदल्या दिवशीं करून ठेवतां येतें. उकड एकदम सारी न काढतां दोन-तीन वेळां काढावी, म्हणजे ती गार होऊन चिरत नाहीं. नारळ खवणें, उकड मळणें, पात्र चढविणें-उतरविणें यांत असें कांहींच नाहीं कीं जें पुरुषांच्या व मोठ्या मुलांच्या हातून होऊं नये. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलामुलीला चार मोदक बिघडवूं दिल्याशिवाय पांचवा साधणार नाहीं. नैवेद्यानंतरचें पहिलें पात्र ज्यांनीं पहाटेपासून खपून केलें त्यांना, आणि वाढण्याचें काम इतरांनीं, असा नियम एका चतुर्थीपुरता तरी करून पाहावा.

पारी आणि सारण यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मग आपोआप मिटेल. पदार्थ चांगला व्हावयास जेवढी पारी पातळ हवी, तेवढाच तो ऊन असतांना करणारीच्या मुखीं पडला पाहिजे. आपला मोदक नक्की कसा झाला, हें तिच्यावांचून दुसऱ्या कोणाला अधिक कळणार?